सावडीतलं डाळिंब

मुलीचा फोन आला तेव्हा मी डाळिंबाच्या बागेच्या कामांची यादी करत होते. पाणी कधी तोडायचं, पानगळीची फवारणी कधी, छाटणीला माणसं कुठून आणायची. ती म्हणाली, "आई, माझी निवड झाली." मी छाटणीपुढे एक फुली मारली आणि विचारलं, "कसली निवड?"

"अंटार्क्टिकाची."

मुलगी पुण्यात हवामानाची यंत्रं सांभाळणारी इंजिनिअर आहे. दक्षिण ध्रुवाकडे बर्फावर आपल्या देशाचं जे ठाणं आहे, तिथली यंत्रं बघायला दर वर्षी कोणी ना कोणी जातं. बहुतेक माणसं तिथल्या उन्हाळ्यापुरती जातात आणि परत येतात. थोडी मात्र हिवाळाही तिथेच काढतात. त्या थोड्यांत तिचं नाव आलं होतं. नोव्हेंबरात जायचं, पुढच्या वर्षाच्या अखेरीला परत यायचं. मधले कित्येक महिने ना जहाज, ना विमान. त्यात दोनेक महिने सूर्यच उगवत नाही. हे सगळं तिनं एका दमात सांगितलं. पाठ करून बसली असणार.

"बाबांना सांगितलंस?"

"नाही, आधी तुला. गौरी उठल्या की पुढच्या सोमवारी मला होकार-नकार कळवायचाय. तू नको म्हणालीस तर नाही जाणार मी. पण तू म्हणायचंस. बाबांना पुढे करायचं नाही, बीपी वाढलं म्हणून सांगायचं नाही, काकांकडून फोन करवायचा नाही. तुझ्या तोंडानं हो किंवा नाही."

मला ओळखते ती. या तिन्ही गोष्टी माझ्या डोक्यात तोवर येऊन गेल्या होत्या.

माझं घर याद्यांवर चालतं. बारामतीतलं घर, इंदापूरकडची बाग, सासूबाईंची औषधं, पॅकिंगचे खोके, लग्नाकार्यातला आहेर, सगळ्याला यादी. फ्रिजच्या दारावर एक, पर्समध्ये एक, गाडीत एक. नवरा म्हणतो, मी वर जाताना यमाच्या हातात यादी देईन. म्हणून त्या दिवशीही मी कागद घेतला, मधोमध रेघ मारली, एका बाजूला "जावं" लिहिलं, दुसऱ्या बाजूला "जाऊ नये". "जावं"ची बाजू भराभर भरली. "जाऊ नये"खाली मी लिहिलं: अंधार. मग थंडी. मग पेन खाली ठेवून फडताळातले डबे उतरवले आणि पुसायला घेतले. ते पुसलेलेच होते.

तिनं जाऊ नये, एवढंच मला हवं होतं. पण "नाही" हा शब्द माझ्या तोंडून निघायला नको होता. तो दुसऱ्या कशातून तरी निघावा, असं मी दोन दिवस शोधत होते, आणि मग मला सावड आठवली.

सावड म्हणजे आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या. खुरपणीला, काढणीला बायका अशा एकमेकींकडे जातात. आमची सावड मात्र गोष्टींची आहे. एसटी स्टँडकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझ्या मैत्रिणीचं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. मी तिला भाभी म्हणते, ती मला ताई. मुलगी शाळेत असताना तिला बक्षीस म्हणून ग्रीक पुराणकथांचं पुस्तक मिळालं होतं. त्याची पानं सुटली म्हणून मी ते भाभींकडे बाइंडिंगला दिलं. आठवडा झाला तरी पुस्तक मिळेना. विचारायला गेले तर भाभी गिऱ्हाईक उभं ठेवून तेच वाचत बसलेल्या. मान वर न करता म्हणाल्या, "ताई, या देवांना काही कामधंदे नव्हते का हो?"

तिथून सुरू झालं. एक जुनी कथा उचलायची आणि पुढच्या काळात आणून ठेवायची, यंत्रांच्या, ग्रहांच्या, प्रयोगशाळांच्या काळात, पण शक्यतो आपल्याच तालुक्यांत. मूळ नावं जिभेवर बसत नव्हती, ती आम्ही टाकून दिली. कामावरून माणूस ओळखायचा: पंखवाला बाप, दगड ढकलणारा, नावाडी. हात लावेल त्याचं सोनं होणाऱ्या राजाची मी अशी गोष्ट केली की एका शास्त्रज्ञानं हात लावेल त्याची साखर होईल असा जंतू तयार केला. आधी कारखाने आनंदले, मग भाकरी गोड झाली, मग विहिरी, आणि शेवटी तो बिचारा मिठाच्या खड्यासाठी दारोदार फिरतो. ती ऐकून आमच्याकडच्या मधुमेहवाल्यांनी मला फोन केले. भाभींच्या पंखवाल्या बापानं पोराला उसावरून उडायचं यंत्र करून दिलं. भाभींचं माहेर कोऱ्हाळे बुद्रुकचं, त्यामुळे ते पोर पडलं तेही बरोबर कोऱ्हाळ्याच्या उसात, आणि उसानं झेललं म्हणून वाचलं.

सावडीचे नियम भाभींनी त्यांच्या आईच्या खुरपणीतून आणले. जिची गोष्ट अडेल तिनं ती दुसरीला द्यायची. दुसरीनं पुरी करायची. काम चालू असताना बांधावर उभं राहून बघायचं नाही. काम झाल्यावर दुसरीच्या हाताला नावं ठेवायची नाहीत. आणि पुरी झालेली गोष्ट पहिल्यांदा वाचायची ती जिची तिनं, मोठ्यानं, चार माणसांत. आधी चाळायची नाही. हा शेवटचा नियम माझाच होता. भाभींच्या दुकानात बसून मी तो मोठ्या उत्साहानं केला होता.

पुस्तकातली एक कथा मी कधीच घेतली नव्हती. पिकांची एक देवी असते. पाताळाचा राजा तिची मुलगी उचलून नेतो. आई रागानं सगळी पिकं थांबवते, माणसं उपाशी मरायला लागतात, तेव्हा मुलीला सोडायचं ठरतं. पण तोवर तिनं तिथे डाळिंबाचे दाणे खाल्लेले असतात. खाल्लं म्हणून तिला दर वर्षी काही महिने परत खाली जावंच लागतं, आणि ती खाली असते तेवढे महिने वर जमीन उघडी पडते. घरचं उत्पन्न डाळिंबावर, म्हणून ही कथा मला जरा जवळची वाटायची आणि जवळची म्हणूनच राहून गेली होती. आता ती मला एकदम उपयोगी दिसली.

लिहायला बसले. एका लांबच्या चंद्रावर बर्फाखाली वस्ती. तिथे यंत्रं सांभाळायला गेलेली इंदापूरची मुलगी. वस्तीचा प्रमुख गोड बोलणारा. तो प्रयोगशाळेत वाढवलेलं डाळिंब तिच्यापुढे ठेवतो. ते खाल्लं की शरीर त्या अंधाराला सरावतं आणि पृथ्वीवरचं ऊन फार दिवस सोसत नाही. इकडे आई बागेचं पाणी तोडून बसली आहे. इथवर झरझर आलं. पुढे येईना. मुलीनं डाळिंब खाल्लं तर ती अडकते, आणि ते मला नको होतं. नाही खाल्लं तर गोष्ट तिथेच संपते. एकदा तिनं ते भिंतीवर फेकून मारलं. माझी मुलगी अन्न फेकत नाही. एकदा खाऊन आजारी पडली. ते लिहून झाल्यावर मी उठून देवाला नमस्कार करून आले आणि कागद फाडला. एकदा आईच यान घेऊन न्यायला गेली, पण आईला यान चालवता येत नव्हतं.

त्या दिवसांत माझा पाय घरात ठरत नव्हता. माळा आवरला. गौरीची भांडी दोनदा घासली. काही काम नसताना गाडी काढून बागेवर गेले. बाग बघणाऱ्या दिरानं विचारलं, "वहिनी, आज काय काढलंत?" मी म्हटलं, पाणी तोडलंय ना, बघायला आले. तो म्हणाला, "तोडलेलं पाणी काय बघायचं?"

डाळिंबाला आमच्याकडे असंच करतात. हस्त बहार धरायचा तर पावसाळ्याच्या उत्तरार्धात पाणी बंद करायचं, झाड सुकू द्यायचं, औषध मारून पानं गाळायची. बाग उघडी बोडकी होते. मग पाणी सोडलं की महिन्याभरात फुलं. नवा माणूस बघेल तर म्हणेल, बाग मेली. मी इतकी वर्षं बघते आहे. तरी त्या दिवशी त्या पिवळ्या पानांकडे बघवेना, आल्या पावली परत फिरले.

गौरी यायच्या आदल्या दिवशी मी कागद घेऊन भाभींच्या दुकानात गेले.

"अडली," मी म्हटलं.

भाभींनी कागद घेतले. वरची दोन पानं वाचली, चष्मा कपाळावर चढवला. "ही पोरगी आपलीच दिसते की."

"गोष्टीतली आहे."

"कुठं चाललीय ती?"

मग मला सांगावंच लागलं. भाभींनी सगळं ऐकलं, मधेच एका मुलाला आधार कार्डाची झेरॉक्स करून दिली, आणि विचारलं, "मग मी काय करू?"

"तिला परत आणा," मी म्हटलं. "बाकी काही पण करा. शेवटी ती घरी आली पाहिजे."

"हे बांधावर उभं राहणं झालं, ताई."

"एवढंच सांगते."

"आणते परत," भाभी म्हणाल्या. "पण मग बोलायचं नाही."

माझा बेत सरळ होता. गौरीसाठी मुलगी घरी येणार, दीर येणार. रविवारी दुपारी चहाला सगळ्यांसमोर मी गोष्ट वाचेन. मुलगी हुशार आहे, तिला कळेल. मला "नाही" म्हणावं लागणार नाही.

गौरी आल्या, जेवल्या. मुलगी साडी नेसून सोळा भाज्या चिरायला बसली, एकदाही विषय काढला नाही. मीही काढला नाही. तिचे बाबा दोघींकडे आळीपाळीनं बघत होते, तिनं त्यांनाही सांगून टाकलेलं असणार. तिसऱ्या दिवशी उठवणी. भाभी दर वर्षी आमच्या गौरी बघायला येतात, त्या दिवशीही आल्या. मी दहीपोह्यांची शिदोरी बांधत होते.

"ही कोणाला?"

"गौरीला. वाटेत खायला."

"देवीला पण डबा लागतो?"

"देवी असली तरी लेकच ना, भाभी," मी गाठ मारत म्हटलं. "रिकाम्या हातानं कशी पाठवायची?"

भाभी काहीच बोलल्या नाहीत, आणि ते त्यांच्या स्वभावात नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण मी आरतीची तबकं मोजत होते.

रविवारी दुपारी त्या पाकीट घेऊन आल्या. बैठकीत नवरा, दीर, मुलगी. चहा झाला. मी चष्मा लावून वाचायला लागले. पहिली पानं माझीच होती, ती ठसक्यात वाचली. चंद्र, बर्फ, गोड बोलणारा प्रमुख. "आणि त्यानं तिच्यापुढे," असं वाचून पान उलटलं तर पुढे भाभींचं होतं.

प्रमुखानं तिच्यापुढे काहीच ठेवलं नाही. त्या चंद्रावर डाळिंब नव्हतंच. तिथे नळीतून पिळून खायची पेस्ट होती, सकाळी पांढरी, संध्याकाळी तपकिरी. डाळिंब निघालं तिच्या स्वतःच्या बॅगेतून, लोकरीच्या कपड्यांखालून, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. आईनं ठेवलेलं. का, तर त्या घरात लेकीला रिकाम्या हातानं पाठवत नाहीत.

मी ते वाक्य पुन्हा एकदा वाचलं. दीर म्हणाला, "पाणी देऊ का, वहिनी?" मी मान हलवून पुढे वाचत राहिले.

मुलगी अंधारात बसून डाळिंब सोलते. दाणे खाते, बिया टाकत नाही. टाकायची सवयच नाही तिला. यंत्राच्या उबेला, एका रिकाम्या डब्यात ती बिया लावते. त्यातली एक उगवते. मुदत संपते, यान येतं, मुलगी घरी परत येते. आई खूश. पण चंद्रावर आता एक झाड आहे, आणि त्या वस्तीत डाळिंबातलं कळणारं दुसरं कोणी नाही. पाणी कधी तोडायचं, कधी सोडायचं, कोणाला ठाऊक नाही. म्हणून ती पुन्हा जाते. दर वर्षी येते आणि दर वर्षी जाते. गोष्टीच्या शेवटी आई फोनवर, ज्याचा आवाज पोचायलाच पाऊण तास लागतो, विचारते: फुलं आली का?

मी कागद खाली ठेवले. मग दिरानं घसा साफ केला.

"भाभी, तितं तेल्या पडत न्हाय का?" तेल्या म्हणजे डाळिंबावरचा रोग, फळावर तेलकट डाग पडून फुटतं ते.

"नाही दाखवला मी."

"मग मी बी जातो तिकडं. हितं फवारून फवारून जीव गेला माझा."

नवरा हसला. मला हसू येईना. मी म्हटलं, "बियांपासून डाळिंब कोणी लावतं का? जातिवंत येत नाही ते. गुटी बांधून कलम करतात."

"चंद्रावर गुटी कोण बांधायला बसलंय, ताई?" भाभी म्हणाल्या.

मुलगी हळूच म्हणाली, "काकू, गोष्ट छान आहे. पण खरं म्हणजे बी न्यायला बंदी आहे तिकडे. फळ नाही, बी नाही, मातीसुद्धा नाही. बुटांचे तळवे घासून धुवायचे. खिसे उलटे करून व्हॅक्यूम मारायचा. शिवणीत गवताचं बी अडकलेलं असतं, तेसुद्धा काढायचं. तिथे बाहेरचं काही उगवू द्यायचं नाही."

"अगं बाई," भाभी म्हणाल्या. "म्हणजे माझी गोष्ट विमानतळावरच अडकली."

"काहीच न्यायचं नाही?" मी विचारलं. "चिवडा?"

"आई, चिवडा नंतर बघू." ती माझ्याकडे बघत होती. "गोष्टीत तू पाठवलंस मला. हे उत्तर समजू का?"

"नाही," मी म्हटलं. "ते भाभींचं आहे. माझं वेगळं."

"मग तुझं काय?"

मी कपबशा गोळा केल्या आणि स्वयंपाकघरात गेले. भाभी मागून आल्या.

"मी तुम्हाला काय सांगितलं होतं?" मी दबक्या आवाजात विचारलं.

"परत आणा म्हणालात. आणली की."

"आणली आणि पुन्हा धाडली!"

"त्याला माझा काय इलाज? डबा तुम्हीच भरलात."

"मी कुठला डबा भरला?"

"गोष्टीतला हो, ताई." त्यांनी माझ्या हातातली बशी काढून घेतली. ती मी पुसून पुसून गरम केली होती. "आता नियम मोडू नका. हाताला नावं ठेवायची नाहीत."

मी नावं ठेवली नाहीत. पण त्यांना दारापर्यंत सोडायला गेले नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

सोमवारी सकाळी पानगळीची फवारणी होती, यादीत लिहिलेली, त्यामुळे जावंच लागणार होतं. मुलगी म्हणाली, मीही येते, तिथूनच दुपारी पुण्याची गाडी धरते. गाडी मी चालवत होते. पिंपळी मागे पडली तरी आम्ही टायरच्या हवेपलीकडे काही बोललो नव्हतो. निमगाव केतकीत तिनं उगाच थांबायला लावून पान घेतलं. मी गाडीतली यादी काढून वाचली, घडी घातली, पुन्हा उघडून वाचली.

बाग पळसदेवच्या अलीकडे, उजनी धरणाच्या पाण्यापासून थोडी वर आहे. दीर पंपाजवळ उभा होता. धरणात बुडालेलं जुनं देऊळ जिथे आहे तिकडे बघून मुलीनं विचारलं, "काका, देऊळ?"

"आता पाण्यात हाय. उन्हाळ्यात निघंल की. तू कवा यायची हायेस?" असं म्हणाला आणि मग माझ्या तोंडाकडे बघून फवारणीच्या माणसाला हाका मारत निघून गेला.

आम्ही दोघी बागेच्या कडेकडेनं चालत राहिलो. पानं पिवळी पडून गळायला लागली होती, उरलेली आज औषधानं जाणार होती. फांद्यांचे काटे दिसत होते. तिनं एक फांदी नखानं किंचित खरवडून बघितली. आत हिरवं होतं. तिला हे मी कधी शिकवलं आठवत नाही. शिकवलं असणारच.

मी बोलायचं ठरवत होते. या ओळीच्या टोकाला गेलो की बोलू. टोक आलं, आम्ही वळलो. मग पुढच्या ओळीच्या टोकाला. "नाही" हा दोन अक्षरी शब्द, रोज दहा जणांना म्हणते मी. भाजीवाल्याला, विमा एजंटला, नवऱ्याला. तोंडात आला होता. तो बाहेर काढला की ती मान हलवणार, पुण्याला जाऊन तसं कळवणार, आणि मला कधी एका शब्दानं बोलणार नाही. हे मला माहीत होतं, आणि तेच जास्त खुपत होतं. पुढच्या वर्षी गौरीला ती इथेच बसून सोळा भाज्या चिरेल, आणि मी तिच्याकडे बघत बसेन.

बांधावर कुसळीचं गवत वाळलं होतं. तिथून गाडीकडे आलो तर तिच्या मोज्यांवर घोट्यापर्यंत कुसळं. ती गाडीच्या दारात बसली, बूट काढले, वरवर झटकले.

"झटकून निघत नाहीत ती," मी म्हटलं आणि खाली बसले. तिचा पाय मांडीवर घेतला. एकेक कुसळ टोकाकडून धरून उलट्या बाजूनं ओढायला लागले. सरळ ओढलं तर तुटतं आणि टोक आत राहतं. बराच वेळ काढत होते. दोन-तीन मोज्याच्या विणीत अगदी आत गेली होती.

"हे मोजे तिकडे चालायचे नाहीत," मी म्हटलं. "नवे घ्यावे लागतील. न वापरलेले. आणि घरात घालून बागेत यायचं नाही."

तिचा पाय हलायचा थांबला.

"आई."

"बुटाचे तळवे ब्रशनं घासून निघतील का, की बूटपण नवे देतात?"

"ते देतात. आई, तोंडानं म्हण."

मी मोजा उलटा केला. आतून आणखी एक सापडलं.

"जा," मी म्हटलं.

तिनं काही केलं नाही, मिठी वगैरे नाही. आमच्यात ते नाही. तिनं दुसरा पाय माझ्या मांडीवर ठेवला. मी तोही साफ केला. दिरानं लांबून हाक मारली, "वहिनी, औषध कालवायचं का?" मी ओरडून सांगितलं, "कालवा!" आवाज जरा जास्तच मोठा निघाला. पंपावरच्या साळुंक्या उडाल्या.

दुपारी तिला इंदापूरच्या स्टँडवर सोडून परत येताना मी थेट भाभींच्या दुकानाशी गाडी थांबवली. त्यांनी नुसतं बघितलं. मी म्हटलं, "व्हॅक्यूम क्लीनर आहे का हो तुमच्याकडे? आमचा बिघडलाय." त्यांनी शटर अर्धं ओढलं आणि आतून मशीनची धूळ काढायचा छोटा पंप आणला. मग म्हणाल्या, "माझी त्या तांब्याच्या राक्षसाची गोष्ट अडलीय. बेटाला पहारा देतो तो. घ्याल का?" मी कागद पर्समध्ये टाकले. अजून पुरी केलेली नाही. बसले की उठावंसं वाटतं.

पाणी सोडल्यावर बाग ठरल्याप्रमाणे फुटली. मुलगी मधे बर्फातल्या सरावाला हिमालयात जाऊन आली, नाक सोललेलं घेऊन. नोव्हेंबरात ती निघायची तेव्हा बागेत फुलं होती, लालभडक, काही झाडांवर लिंबाएवढी फळंही धरली होती. पुस्तकातल्या आईच्या नेमकं उलट. ते मला नीट बसवता येईना. मुलगी जाताना बाग उघडी असती तर निदान दिसायला बरं दिसलं असतं.

निघायच्या आदल्या दिवशी पुण्याच्या तिच्या खोलीत मी बॅग भरली. यादी दारावर चिकटवलेली, भरलं की खूण. प्रत्येक कपडा आधी गॅलरीत झटकायचा, मग शिवणी बघायच्या, मग खिसे. भाभी मुद्दाम बारामतीहून आल्या होत्या. त्या पंप मारत होत्या आणि मी भिंगातून बघत होते. तिच्या जुन्या जाकिटाच्या अस्तरात एक वाळलेलं पान निघालं, डाळिंबाचं नाही, कढीपत्त्याचं. कधी तरी पिशवी धरताना गेलं असेल. मुलगी म्हणाली, "राहू दे की." मग स्वतःच म्हणाली, "नाही, नको, काढ."

सगळं भरून झालं. चेन लावायच्या आधी माझा हात सवयीनं बाजूच्या कप्प्यात गेला. तो कप्पा मी तिच्या शाळेपासून कधी रिकामा ठेवलेला नाही. लाडू, खोबऱ्याच्या वड्या, सुपारीची डबी, काही नाही तर दोन लिंबं. हात आत गेला आणि तिथे काहीच नव्हतं. दोघीही माझ्याकडे बघत होत्या.

मी कप्पा उलटा करून बाहेर ओढला, शिवणीच्या कोपऱ्यात बोट फिरवलं आणि भाभींना म्हटलं, "इथे मारा पुन्हा एकदा. इथे काही तरी राहिलंय असं वाटतंय."